पेपर जॅम टाळणारा आणि हात सांभाळणारा कागदमार्ग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मेजावरच्या ए४ लेझर प्रिंटरबद्दल आहे. खाली ट्रे, वरच्या बाजूला छापून आलेलं पान, वेग मिनिटाला साधारण २० पानं. असं यंत्र आखणारे, दुरुस्त करणारे आणि झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर चालवणारे, अशा तिघांचेही प्रश्न इथे घेतले आहेत. सगळ्या उत्तरांमागे एकच धोरण आहे: कागद कधी ना कधी अडकणार आणि तो काढायला कुणाचा तरी हात आत जाणार, हे धरूनच मार्ग आखायचा. जॅम कमी करण्याचं काम एकाकडे आणि सुरक्षेचं दुसऱ्याकडे दिलं की दोन्ही बिघडतात.

कागद ट्रेमधून निघून बाहेर येईपर्यंत कुठून कुठून जातो?

ट्रेमधली उचलपट्टी गठ्ठा वर ढकलते आणि पिकअप रोलर वरचा कागद ओढतो. सेपरेशन पॅड किंवा उलट फिरू पाहणारा रिटार्ड रोलर दुसऱ्या कागदाला मागे धरतो. पुढे कागद सरळ करून वेळेवर सोडणारे रजिस्ट्रेशन रोलर, मग ड्रम (छाप आधी उमटते तो प्रकाशसंवेदी नळा) आणि ट्रान्सफर रोलर, तिथे टोनर म्हणजे शाईची कोरडी पूड कागदावर येते. फ्यूजरमध्ये टोनर उष्णतेनं आणि दाबानं पक्का बसतो आणि एक्झिट रोलर पान बाहेर टाकतात. दोन्ही बाजूंनी छापायचं असेल तर एक्झिट रोलर पान अर्धवट बाहेर काढून उलटे फिरतात आणि ते खालच्या मार्गानं पुन्हा रजिस्ट्रेशनकडे पाठवतात.

एकाऐवजी दोन-तीन कागद एकदम का ओढले जातात?

हा सगळा घर्षणाचा हिशेब आहे. रोलर-कागद घर्षण सर्वांत जास्त, पॅड-कागद त्याहून कमी आणि कागद-कागद सर्वांत कमी, हा क्रम टिकला पाहिजे.

समजा रोलरचा दाब २ न्यूटन आहे. रोलरचा घर्षणांक १.२, पॅडचा ०.८ आणि कागदा-कागदातला ०.५ धरू. एकच कागद असेल तर रोलर त्याला जास्तीत जास्त २.४ न्यूटननं ओढू शकतो आणि पॅड १.६ न्यूटननं अडवतो, म्हणून कागद पुढे जातो. खाली दुसरा कागद आला तर त्याला वरच्या कागदाकडून फार तर १ न्यूटन ओढ मिळते आणि पॅड १.६ न्यूटननं धरतो, म्हणून तो थांबतो.

आता रोलर गुळगुळीत होऊन त्याचा घर्षणांक ०.७ वर आला, तर ओढ १.४ न्यूटन उरते. पॅडची पकड त्याहून जास्त, म्हणून कागद उचललाच जात नाही. उलट कागद सादळून एकमेकांना चिकटले आणि त्यांच्यातलं घर्षण ०.८५ झालं, तर दुसऱ्या कागदाला १.७ न्यूटन ओढ मिळते आणि दोन्ही एकदम आत जातात. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण खऱ्या यंत्रातही तक्रार याच दोन दिशांनी येते. आणि एक लक्षात घ्या: पॅडवाल्या रचनेत रोलरचा दाब वाढवल्यानं डबल फीड (दोन कागद एकदम जाणं) थांबत नाही, कारण दाबाबरोबर तिन्ही बलं सारख्याच प्रमाणात वाढतात. बदलायचं ते रबर, पॅड किंवा कागद.

पिकअप रोलर पुसावा की बदलावा?

आधी पुसून पाहा. कागदात कॅल्शियम कार्बोनेटसारखी पांढरी भर असते. तिची भुकटी रबरावर बसते आणि पकड जाते. पाण्यानं किंचित ओलं केलेलं, धागे न सुटणारं कापड पुरतं. पुसल्यावर शंभरेक पानं नीट जाऊन पुन्हा तीच तक्रार आली, किंवा रबर चकाकतंय आणि त्यावरच्या खाचा झिजल्यात असं दिसलं, तर रोलर बदला. पॅडही त्याच वेळी बदला. नवा रोलर आणि जुना पॅड अशी जोडी लावली की वरचा हिशेब पुन्हा कोलमडतो. थिनर किंवा पेट्रोल लावू नका, रबर फुगतं.

पावसाळ्यात जॅम का वाढतात?

रीम बंद असताना कागदात साधारण ४ ते ५.५ टक्के ओलावा असतो. मुंबईत किंवा कोकणात जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ८० ते ९० टक्क्यांवर जाते आणि उघड्या गठ्ठ्याच्या कडा आधी ओल ओढतात. कडा फुगतात, मधला भाग तसाच राहतो, म्हणून कडांना लाटा येतात. लाटा आलेला कागद फ्यूजरमध्ये चपटा होताना सुरकुततो. शिवाय ओलाव्यानं कागदाचा ताठपणा घटतो आणि वळणावर पुढची कड वाकून दुमडते.

विदर्भात एप्रिल-मेमध्ये उलटा त्रास होतो. कोरड्या हवेत कागदांवर स्थिर वीज साचते, ते एकमेकांना चिकटतात आणि ट्रान्सफरनंतर ड्रमपासून सुटायला कुरकुरतात. त्यासाठी ट्रान्सफर रोलरनंतर जमिनीला जोडलेली डिस्चार्ज पट्टी असते. ती वाकलेली किंवा भुकटीनं भरलेली नाही ना, हे पाहावं.

उपाय साधे आहेत. ५०० कागदांची रीम एकदम ट्रेमध्ये घालू नका, दिवसाला लागेल तेवढाच कागद भरा. उरलेला मूळ वेष्टनात गुंडाळून आडवा ठेवा, थेट फरशीवर ठेवू नका. गोदामातून आणलेली रीम एक दिवस खोलीत राहू द्या आणि मगच फोडा. रात्री एसी बंद होणाऱ्या कार्यालयात सकाळची पहिली दहा पानंच अडकत असतील, तर दोष बहुधा ट्रेमध्ये रात्रभर राहिलेल्या कागदाचा असतो.

वळणाची त्रिज्या किती ठेवावी?

कागदाचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. जाडी दुप्पट झाली की ताठपणा आठपट होतो. म्हणून ट्रेमधून निघून १८० अंशांत वळणाऱ्या मार्गात ६० ते १०५ जीएसएमचा कागद सुमारे ३० मिमी त्रिज्येवर आरामात फिरतो, पण १६० च्या पुढचा कार्डासारखा कागद वळणाच्या भिंतीला रेटतो, रोलर घसरतात आणि तो उशिरा पोचतो. उशीर झाला की नियंत्रक त्याला जॅमच समजतो.

यंत्र लहान दिसावं म्हणून त्रिज्या आवळण्याचा मोह आखणीच्या प्रत्येक बैठकीत होतो. तो आवरावा. जागा नसेलच तर जाड कागदासाठी पुढून मॅन्युअल फीड (हातानं एकेक कागद घालायची जागा) आणि मागची झडप (हात आत जाणाऱ्या झाकणाहून वेगळी) उघडली की सरळ बाहेर, असा मार्ग द्यावा. कागदाचे तंतू कोणत्या दिशेनं आहेत तेही पाहावं. लांबीच्या दिशेनं तंतू असलेला ए४ त्याच दिशेनं चालवला तर पुढची कड सरळ राहते.

रोलरच्या दोन जोड्यांमध्ये अंतर किती असावं?

सर्वांत लहान कागदाच्या लांबीपेक्षा कमी. ए६ म्हणजे १४८ मिमी लांबीपर्यंतचा कागद चालेल असं सांगायचं असेल, तर मार्गावर मोजलेलं अंतर १३० मिमीच्या आत ठेवा. नाहीतर मागच्या जोडीनं सोडलेला आणि पुढच्या जोडीनं न धरलेला कागद मध्येच अनाथ पडतो, आणि बरेचदा तो हात न पोचणाऱ्या जागीच पडतो.

वेगांची जुळवणीही इथेच ठरते. साधारणपणे पुढची जोडी मागचीपेक्षा किंचित वेगात, अर्धा ते एक टक्का, म्हणजे कागद ताणलेला राहतो. ट्रान्सफर आणि फ्यूजर यांच्यामध्ये मात्र उलट करावं लागतं. फ्यूजरनं कागद खेचला तर छाप ओढली जाते, म्हणून तिथे कागदाची छोटी कमान राहू देतात. ती फार वाढली तर अजून पक्का न झालेला टोनर वरच्या भिंतीला लागतो, म्हणून काही यंत्रांत कमान मोजणारा वेगळा सेन्सर असतो.

कागदाला दिशा देणाऱ्या भिंती कशा असाव्यात?

सपाट भिंत नको. कागद जातो त्या दिशेनं बारीक रिब्ज (उंचवट्याच्या रेघा) द्या, म्हणजे स्पर्श कमी होतो, स्थिर वीज कमी साचते आणि फ्यूजरजवळ वाफेचे थेंब जमले तरी कागद चिकटत नाही. दोन भिंतींमधली फट २ ते ४ मिमी ठेवा, तोंडाशी मात्र ८ ते १० मिमी पसरट. पुढची कड कोणत्याही भिंतीला किंवा रोलरला ३० अंशांपेक्षा कमी कोनात भेटावी.

जिथे एक भाग संपून दुसरा सुरू होतो, तिथे पुढचा भाग मागच्यापेक्षा अर्धा ते एक मिमी मागे सरलेला हवा. नखाला पायरी लागली तर कागदालाही लागते. ही चूक नकाशात दिसत नाही. ती उघडणाऱ्या झाकणात लपलेली असते, कारण मार्गाची एक भिंत झाकणावर असते आणि बिजागरी सैल पडली की ती खाली येते. झाकणाची जागा बिजागरीवर न सोडता चौकटीवरच्या खुंट्यांनी पक्की करा आणि कडी दोन्ही बाजूंना द्या. एकाच बाजूच्या कडीनं झाकण पिळतं, दाब असमान होतो आणि कागद तिरका जातो.

कागद तिरका का जातो?

ट्रेमधल्या बाजूच्या पट्ट्या सैल असतील तर कागद तिरका निघतो. फार घट्ट असतील तर कागद मधून वर फुगतो आणि तिरका नाही तरी अडकतो. थोडा तिरकेपणा रजिस्ट्रेशन रोलर दुरुस्त करतात: ते थांबलेले असताना मागचे रोलर कागद ढकलत राहतात, पुढची कड संपूर्ण रुंदीवर टेकते आणि मगच रोलर सुरू होतात. ढकलणं कमी पडलं तर तिरकेपणा उरतो, जास्त झालं तर तिथेच घडी पडते.

फ्यूजरवरच कागद का गुंडाळला जातो?

वितळलेला टोनर गोंदासारखा चिकटतो. पातळ कागद आणि अगदी वरच्या कडेपर्यंत गडद छपाई, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की कड गरम रोलरपासून सुटत नाही. म्हणून लेझर छपाईत कडेला सुमारे ४ मिमी कोरी जागा सोडतात आणि रोलरला टेकलेली सोडवणारी बोटं बसवतात. या बोटांच्या टोकांवर टोनर साचला की पानावर रेघा येतात, पुढे जॅम होतात. पानावर सुरकुत्या पडत असतील तर दाबाचा रोलर तपासा. तो मध्ये किंचित बारीक आणि कडांना जाड असतो, त्यामुळे कागद बाहेरच्या बाजूंना ताणला जातो. तो झिजला की हा ताण संपतो.

जॅम झाल्याचं यंत्राला किती लवकर कळायला हवं?

मिनिटाला २० पानं आणि दोन पानांत ५० मिमी अंतर धरलं, तर वेग येतो सेकंदाला सुमारे ११६ मिमी. १५० मिमी अंतरावरच्या सेन्सरला कागद १.३ सेकंदांत पोचायला हवा. घसरण्यासाठी ०.३ ते ०.४ सेकंदांची सवलत पुरते. एक सेकंद जास्त दिला तर ११६ मिमी कागद अडथळ्यावर जाऊन घड्याघड्यांचा होतो, आणि तो काढताना फाटतो.

फ्यूजरनंतरचा सेन्सर पकडीच्या (दोन रोलर एकमेकांना टेकतात त्या जागेच्या) जितका जवळ तितका बरा. आणि जॅम कळताच हीटर बंद झालाच पाहिजे, कारण १८० ते २०० अंश सेल्सियसच्या पकडीत थांबलेला कागद करपू लागतो. हे काम फक्त सॉफ्टवेअरवर सोडायचं नाही. तापमान मोजणारा थर्मिस्टर चुकला किंवा नियंत्रक अडकला तरी जास्त तापल्यावर आपोआप तुटणाऱ्या स्वतंत्र थर्मल कटऑफनं वीज तोडली पाहिजे.

झाकण उघडल्यावर नेमकं काय काय बंद व्हावं?

मोटारी, लेझर, फ्यूजरचा हीटर आणि ट्रान्सफर-चार्जिंगचा विजेचा उच्च दाब. मोटारींचा आणि लेझरचा वीजपुरवठा झाकणाच्या स्विचमधूनच जावा, म्हणजे तो प्रत्यक्ष तुटेल. फक्त ‘झाकण उघडं आहे’ असा संदेश पाठवणारा स्विच पुरेसा नाही. पुढचं आणि मागचं अशी दोन झाकणं असतील तर स्विच एकामागोमाग जोडा. एकानं पुढचं झाकण लावलं आणि दुसऱ्याचा हात अजून मागून आत आहे, असं दुकानांत सहज घडतं. झाकण लागताच यंत्र आतला कागद बाहेर टाकण्यासाठी रोलर फिरवतं, हे विसरू नका.

लेझरबद्दल विशेष काळजी हवी. आतला किरण बहुधा अवरक्त असतो, डोळ्याला दिसत नाही, म्हणून पापणीही मिटत नाही. बंद स्थितीत प्रिंटर लेझर-सुरक्षेच्या वर्ग १ मध्ये, म्हणजे सर्वांत सुरक्षित वर्गात, येतो तो फक्त झाकणामुळे आणि इंटरलॉकमुळे (झाकण उघडताच पुरवठा तोडणाऱ्या वरच्या स्विचमुळे).

स्विचमध्ये काडी अडकवून झाकण उघडं ठेवून चालवलं तर काय होतं?

असं करू नका आणि कुणाला करू देऊ नका. गिअर उघडे पडतात आणि पदर, ओढणी, गळ्यातली साखळी किंवा ओळखपत्राची दोरी त्यात ओढली जाते. आखणाऱ्यानं मुळात काडी घालता येणार नाही असा स्विच बसवावा: खोल खाच, अरुंद फट आणि झाकणावरची लांब जीभच तिथे पोचेल अशी जागा.

बोट कुठवर जाऊ शकतं, हे कसं तपासायचं?

आयईसी ६१०३२ या आंतरराष्ट्रीय मानकातलं ‘बी’ क्रमांकाचं सांध्यांचं चाचणी-बोट वापरतात: व्यास १२ मिमी, लांबी ८० मिमी. झाकण बंद असताना ते फिरत्या पकडीला, गरम भागाला किंवा धोकादायक विजेला लागता कामा नये. उघड्या झाकणातही त्यानं इंटरलॉक दाबला जाऊ नये. फटीची कामचलाऊ मापं हवी असतील तर आयएसओ १३८५७ हे मानक घ्या: ६ मिमीपर्यंतच्या लांबट फटीमागे धोका किमान १० मिमी, ८ मिमीपर्यंत किमान २० मिमी आणि १० मिमीपर्यंत किमान ८० मिमी दूर हवा. ही मापं १४ वर्षांवरच्या व्यक्तींसाठी आहेत. घरात लहान मुलं असतात, त्यामुळे घरगुती यंत्रात कागद बाहेर येण्याच्या फटीला वेगळं संरक्षण लागतं.

आतल्या भागांसाठी एक सवय लावून घ्या. पत्र्याच्या प्रत्येक कडेवरून कागद फिरवून पाहा. जी कड कागद कापते ती बोटही कापते. वायर बांधायच्या पट्ट्यांची शेपटं मुळाशी कापा.

अडकलेला कागद काढायची योग्य पद्धत कोणती?

१. छपाई थांबवा, बटण बंद करा आणि प्लग काढा. साखळी, दोरी, लोंबते कपडे आवरा.

२. आधी ट्रे पूर्ण बाहेर काढा. कागद तिथून दिसत असेल तर तिथूनच घ्या.

३. पुढचं झाकण उघडून टोनर-ड्रमचा भाग बाहेर काढा आणि कापडाखाली झाका. उजेडात ड्रम खराब होतो.

४. हिरव्या किंवा निळ्या रंगाच्या कड्या वापरकर्त्यासाठी असतात. फ्यूजरचा दाब सोडणारी कडी असेल तर ती आधी उघडा.

५. कागद दोन्ही हातांनी, दोन्ही कडा सारख्या धरून, तो ज्या दिशेनं चालला होता त्याच दिशेनं सावकाश ओढा. उलट ओढल्यानं सेन्सरच्या दांड्या तुटतात.

६. फाटला तर तुकडे जुळवून पाहा. एक कोपरा कमी असेल तर तो आतच आहे.

कागद फ्यूजरमध्ये असेल तर निदान अर्धा तास थांबा. सुरी, पट्टी, चिमटा आत घालू नका, फ्यूजरच्या पातळ फिल्मला एक ओरखडा पडला तरी तो भाग बदलावा लागतो.

हाताला किंवा फरशीवर टोनर सांडला तर?

गार पाण्यानं धुवा. गरम पाण्यानं टोनर मऊ होऊन चिकटतो. फरशी ओल्या कापडानं पुसा. घरचा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, ही बारीक पूड गाळणीतून आरपार जाते आणि मोटारीजवळ पेटण्याचा धोका असतो.

आत काहीच नाही, तरी यंत्र जॅम दाखवतं. का?

बहुतेकदा सेन्सरची दांडी वर अडकलेली असते, तिची स्प्रिंग निसटलेली असते किंवा टिकलीएवढा कागदाचा तुकडा तिच्याखाली असतो. दांडी बोटानं हलकेच दाबून सोडा. ती आपोआप परत यायला हवी.

दुसरी बाजू छापतानाच कागद जास्त का अडकतो?

पहिल्या फेरीत फ्यूजर कागद वाळवतो. तो किंचित आकसतो आणि त्याला बाक येतो. बाक आलेली कड उलटताना वर उचलली जाते. सर्वोच्च न्यायालयानं १ एप्रिल २०२० पासून कागदपत्रांसाठी दोन्ही बाजूंनी छापलेला, किमान ७५ जीएसएमचा ए४ कागद ठरवला, त्यामुळे वकिलांच्या कार्यालयांत ही तक्रार नवी राहिलेली नाही. ट्रेमधला गठ्ठा उलटा करून पाहा, बरेचदा बाक दुसऱ्या बाजूला गेल्यावर काम होतं.

स्टॅम्प पेपर, लिफाफे, स्टिकर यांचं काय?

एकावेळी एकच, मॅन्युअल फीडमधून आणि सरळ मार्गाची मागची झडप उघडी ठेवून. स्टॅम्प पेपरची घडी आधी उलट दाबून सपाट करा, पुढच्या कडेजवळ घडी असेल तर कागद फिरवून घाला. स्टेपलरची पिन राहिली नाही ना, हे पाहा. अर्धे काढलेले स्टिकरचे कागद आणि लेझरसाठी नसलेली प्लास्टिकची पानं कधीच घालू नका. ती फ्यूजरला चिकटतात.

नवी आखणी किती कागदांवर तपासावी?

‘५,००० पानांत एकापेक्षा कमी जॅम’ असं ९५ टक्के खात्रीनं म्हणायचं असेल, तर १५,००० पानं एकही जॅम न होता जायला हवीत. एक जॅम झाला तरी आकडा वाढतो. ही पानं तीन हवामानांत वाटा: सर्वसाधारण खोली, ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता, १० अंश आणि २० टक्के आर्द्रता. कागद बाजारातलाच घ्या, स्वस्तातला ७० जीएसएमसुद्धा. मग मुद्दाम जॅम करा, प्रत्येक सेन्सरपाशी कागद थांबवा आणि यंत्र कधीच न पाहिलेल्या माणसाला तो काढायला सांगा. हात कुठे गेला, कशाला टेकला, कागद फाटला का, हे लिहून ठेवा. जिथे दोघांचे हात चुकीच्या जागी गेले, तिथे सूचनेची चिकटपट्टी लावण्याआधी भिंत किंवा कडी बदला.